जेल रोडवरची आरोग्यशाळा : ग्वाल्हेरातल्या मनोरुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या

आमच्या लष्करातल्या मराठी घरांमध्ये कुणी फार विचित्र वागायला लागलं, की "याला आता आग्र्याला पाठवायला हवं" असं म्हणायची रीत आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना त्यातली खोच लगेच कळत नाही. ते त्याच अर्थानं येरवडा म्हणतात, मुंबईकडचे ठाणं म्हणतात, बिहारकडचे लोक रांची म्हणतात. आग्र्याचं वेड्यांचं इस्पितळ १८५९ सालचं, इंग्रजी अमलातलं, म्हणून त्याचं नाव या सगळ्या मुलखात पसरलं. पण खुद्द ग्वाल्हेरात असं इस्पितळ १९३५ पासून आहे. बाड्यावरून टेंपो केला तर फार वेळही लागत नाही. तरीही टोमणा आग्र्याचाच राहिला. आपल्या गावात वेडे असतात आणि ते आपल्याच गावात ठेवलेले असतात, हे बोलून दाखवायची सवय आम्हा लष्करकरांना लागलीच नाही.

ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळेची इमारत, तिचे वास्तुविशेष, कुठली कमान कधी बांधली, हा आजचा विषय नाही. मला एवढंच पाहायचं आहे, की तिथं ठेवलेल्या माणसाचा कशावर हक्क होता, त्याच्याकडून काय अपेक्षा होती, आणि हे दोन्ही ठरवणारे कोण होते.

सुरुवात बाड्यापासूनच करावी लागते, कारण रियासतीला जे जे लोकांना दाखवायचं होतं ते तिनं बाड्यावर मांडून ठेवलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या छावणीचं लष्कर झालं, आणि लष्कराच्या मधोमध महाराज बाडा. एका अंगाला गोरखी, तिथलं देवघर. मग टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, छापखाना, बँक, मोठ्या खांबांचं पोस्ट ऑफिस. मधे जिवाजीराव महाराजांचा पुतळा. प्रत्येक इमारतीची शैली वेगळी. आमच्या मंडळाच्या वारसा फेऱ्यांमध्ये मंडळी या चौकात तासभर सहज रमतात, आणि रमावं असंच ते आहे. या इमारतींच्या भाषेत सांगायचं तर दरबार म्हणत होता, बघा, आमच्याकडे टपाल आहे, छापखाना आहे, बाजार आहे, सभागृह आहे. इस्पितळही दाखवण्यासारखं होतं. जयाजीरावांच्या नावाचं जयारोग्य १८९९ साली उघडलं, आणि 'जया' व 'आरोग्य' यांचा तो जोड मला अजून सुरेख वाटतो.

वेड्यांचं घर मात्र या नकाशाच्या बाहेर, मध्यवर्ती तुरुंगाच्या आवारात निघालं.

१९३५ हे साल जरा नीट बघण्यासारखं आहे. माधवराव महाराज १९२५ मध्ये पॅरिसला वारले. जिवाजीरावांचा जन्म १९१६ चा, म्हणजे तेव्हा ते पुरते नऊ वर्षांचेही नव्हते. पुढची अकरा वर्षं कारभार रीजन्सी कौन्सिलनं चालवला, आणि महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले १९३६ मध्ये. आरोग्यशाळा जिवाजीरावांनी स्थापन केली असं सर्रास लिहिलं जातं, ते नाव म्हणून बरोबरच आहे. पण माझा अंदाज असा, की हा निर्णय एका तरुण राजाच्या दयेपेक्षा कौन्सिलच्या टेबलावरच्या कागदांतून आलेला असावा. तुरुंगात वेड लागलेले किंवा वेडाच्या भरात गुन्हा केलेले कैदी होते, त्यांना इतर कैद्यांपासून वेगळं ठेवायचं होतं. तुरुंगाधिकाऱ्याची ती अडचण होती आणि तिच्यावरचा उपायही तुरुंगाधिकाऱ्याचाच निघाला.

याच सुमाराला शेजारच्या इंग्रजी मुलखात वारं बदललेलं होतं. १९२० च्या दशकात तिथल्या 'ल्युनॅटिक असायलम'च्या पाट्या उतरवून 'मेंटल हॉस्पिटल' अशा पाट्या लागल्या. कायदा मात्र १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्टच राहिला. या कायद्यात दाखल करून घेण्यासाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे, त्याच्यासोबत डॉक्टरांचे दाखले लागत. रस्त्यात भटकताना दिसलेल्या वेड्याला पोलीस ताब्यात घेऊ शकत. प्रत्येक असायलमवर किमान तीन 'व्हिजिटर' नेमायचे, त्यांतला एक तरी डॉक्टर हवा. या व्हिजिटरांत एक माणूस पदसिद्ध होता, तो म्हणजे तुरुंगांचा इन्स्पेक्टर जनरल! म्हणजे पाटी हॉस्पिटलची झाली तरी तपासायला येणारा साहेब तुरुंगाचाच. तेव्हा ग्वाल्हेर दरबारानं वेड्यांची सोय तुरुंगात केली यात त्या काळच्या मानानं जगावेगळं काही नव्हतं, एवढं न्यायानं म्हणावं लागेल. फरक इतकाच, की इंग्रजी मुलखात निदान एक छापील कायदा होता, आणि 'मला विनाकारण कोंडलं' असं म्हणणाऱ्याच्या वकिलाला बोट ठेवायला एखादं कलम सापडे. रियासतीतल्या रयतेकडे अर्ज होता. अर्ज करायचा आणि वाट बघायची.

इथं 'हक्क' या शब्दापाशी थोडं थांबतो. मराठी दप्तरात हा शब्द जागोजागी भेटतो, पण तो वतनदाराचा असतो. पाटलाचे हक्क, कुलकर्ण्याचे हक्क, देशमुखाचे हक्क आणि मानपान. कुणाला किती धान्य, कुणाचा विडा आधी, कुणाची होळीची पोळी पहिली. या हक्कांसाठी आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडणं केली, महजर केले, दिव्यं केली. हक्क म्हणजे पदाबरोबर येणारी वस्तू. पद नसलेल्या माणसाला, नुसता माणूस आहे म्हणून, हक्क असतो ही कल्पना त्या दप्तरात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. वेड्याकडे तर पदही नसे. वतन असलेल्या घरातला माणूस भ्रमिष्ट झाला तर वाद व्हायचा तो त्याच्या वाटणीचा.

'जबाबदारी' या शब्दाचीही हीच गोष्ट. जबाब देणारा तो जबाबदार. पण जबाब द्यायचा तर आधी कुणी तरी विचारलं पाहिजे. तुरुंगाच्या आवारातल्या त्या माणसाला 'तुला इथं राहायचंय का', 'हे औषध घेशील का', 'घरी कुणाला कळवू' असं विचारण्याचं बंधन कुणावरच नव्हतं. त्याला नियम होते, आणि नियम पाळणं हीच त्याची सगळी जबाबदारी. कैद्याला असते तशी.

स्वातंत्र्य आल्यावर यात एकदम फरक पडला असं वाटेल, पण तसं झालं नाही. १९४८ मध्ये रियासत मध्य भारतात गेली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि बाड्यावरच्या कचेऱ्यांचा रुबाब उतरला. त्यावर आमच्याकडे पुष्कळ हळहळ लिहिली गेली आहे. जेल रोडच्या त्या भिंतीआड काय बदललं यावर कुणी हळहळलेलं निदान माझ्या वाचनात नाही. १९४६ मध्ये शहरात गजराराजा मेडिकल कॉलेज निघालं, डॉक्टर तयार होऊ लागले. मनोविकारांवर गोळ्या आल्या, त्या घेऊन बरी होणारी माणसं दिसू लागली. तरी १९१२ चा कायदा देशात पुढं अनेक वर्षं रेटला गेला. त्याच्या जागी मानसिक आरोग्य कायदा संसदेनं १९८७ मध्ये केला, आणि तो लागू झाला १ एप्रिल १९९३ ला! सहा वर्षं एक तयार कायदा कपाटात पडून होता. कुणाला घाई नव्हती, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्यांचा मोर्चा बाड्यावर येण्यातला नव्हता.

मधल्या काळात न्यायालयांनी मात्र काही दरवाजे उघडले. १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात बिहारच्या हजारीबाग तुरुंगातले कैदी समोर आले. वेड लागलं म्हणून कोंडलेली, पुढं बरी झालेली, आणि तरी वीस-वीस, तीस-तीस वर्षं आतच राहिलेली माणसं होती ती. सोडण्याचा कागद कुणी काढला नाही, एवढंच कारण. मग शीला बारसे. मुंबईतल्या पोलीस कोठडीतल्या बायकांच्या हालांवर लिहिणारी ही पत्रकार मराठी वाचकांना माहीत असेल. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये सांगितलं, की ज्यानं गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदेशीर आहे आणि घटनाबाह्य आहे. ते प्रकरण पश्चिम बंगालच्या तुरुंगांचं होतं. तिथं अशा लोकांसाठी सरकारी दप्तरात एक वर्गच होता, 'नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक'. गुन्हेगार नाही हे नावातच कबूल करायचं आणि ठेवायचं मात्र तुरुंगात. ग्वाल्हेरची आरोग्यशाळा जन्मली तीच तुरुंगात, त्यामुळे हा निकाल वाचताना मला सारखा जेल रोड आठवत होता.

आणि खरंच, पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरचं नाव दिल्लीत पोचलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालय विधी सहाय्य समितीनं मध्य प्रदेश शासनाविरुद्ध याचिका केली, तिचा विषय होता ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा. रांचीच्या काँके इस्पितळाची याचिका १९८६ पासून चालू होती, आग्र्याची १९९३ ची. या तिन्ही ठिकाणांची हकीकत कोर्टापुढं एकत्र आली. संस्थेच्या कारभाराला थोडी स्वायत्तता मिळावी, डॉक्टर आणि इतर माणसं पुरेशी असावीत, खाणं-पिणं-कपडे माणसाला साजेसे असावेत, असल्या गोष्टी हुकुमांनी करून घ्याव्या लागल्या. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. आग्रा, ग्वाल्हेर आणि रांची इथल्या कामावर देखरेख ठेवायला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला सांगितलं. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा न्यायमूर्ती वेंकटाचलय्या होते.

आग्र्याचा टोमणा मारणाऱ्या गावाचं नाव शेवटी आग्र्याच्याच ओळीत लिहिलं गेलं, हे मला नोंदवून ठेवावंसं वाटतं.

आयोगानं बंगळूरच्या निम्हान्सच्या मदतीनं देशभरातली मानसिक इस्पितळं पाहिली आणि १९९९ मध्ये अहवाल काढला. त्यातले दोन आकडे देतो. ३८ टक्के इस्पितळांची बांधणी अजून, सुरुवातीला होती तशी, तुरुंगासारखीच होती. ५७ टक्क्यांना उंच भिंती होत्या. पण मला आकड्यांपेक्षा त्या अहवालातलं शब्दांचं निरीक्षण जास्त बोचलं. कितीतरी ठिकाणी रुग्णाला रुग्ण म्हणतच नव्हते, बंदी म्हणत. दिवसभर त्याच्याजवळ असणाऱ्या माणसाला वॉर्डर म्हणत आणि त्याच्या वरच्याला ओव्हरसिअर. ज्याला तुम्ही बंदी म्हणता त्यानं तक्रार केली तर ती तक्रार ठरत नाही, आगळीक ठरते. जुन्या कागदांवर काम करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. दप्तरातलं पदनाम बदललं की त्या माणसाशी बोलायची पद्धतही बदलते, हे आपण मोडीच्या कागदांत रोज पाहतो.

आता १९८७ च्या कायद्यातल्या कलम ८१ कडे वळतो, कारण तिथं बाडा पुन्हा येतो. या कलमात तीन गोष्टी होत्या. उपचार घेणाऱ्याची अप्रतिष्ठा करायची नाही, त्याला क्रूरपणे वागवायचं नाही. त्याच्यावर संशोधन करायचं तर त्याच्या फायद्याचं हवं किंवा संमती घेऊन हवं. आणि तिसरी, त्याला आलेलं किंवा त्यानं लिहिलेलं पत्र अडवायचं नाही, दाबून ठेवायचं नाही, फाडायचं नाही. याला अपवाद होते. निंदानालस्तीची किंवा उपचाराला बाधक पत्रं नियमांनुसार रोखता येत. तरी पत्राचा हक्क कायद्यात लिहिला गेला, हे मला फार मोठं वाटतं. आपल्या रियासतीचं टपाल हा संग्राहकांचा लाडका विषय आहे. १८८५ पासूनची 'ग्वालियर' असा शिक्का मारलेली तिकिटं आमच्या मंडळातल्या दोघातिघांनी जीव टाकून जमवली आहेत. बाड्यावरच्या पोस्टाच्या पायऱ्यांवर त्या तिकिटांच्या गोष्टी आम्ही किती वेळा सांगितल्या असतील. त्याच रियासतीत, त्याच शहरात, मैल-दोन मैलांवर अशी माणसं होती की त्यांनी लिहिलेलं पत्र या पोस्टापर्यंत पोचेल की नाही हे दुसराच कुणीतरी ठरवणार होता. ज्याला कोंडलं आहे त्याच्यासाठी पत्र म्हणजे जामिनाइतकीच मोठी गोष्ट. बाहेर एकाला जरी कळलं, की मी इथं आहे आणि मी बरा आहे, तर पुढचं सगळं चक्र फिरू शकतं. हजारीबागच्या लोकांना तेच मिळालं नव्हतं.

आजचा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्यसेवा कायदा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं. यातलं हक्कांचं प्रकरण मी सुट्टीच्या दिवशी सलग वाचलं. कायदा वाचतोय असं वाटेना. जुन्या इस्पितळांत काय काय चालत असे त्याची उलटी यादी वाचतोय असं वाटत होतं. स्वच्छ जागा हवी, पोटभर चांगलं अन्न हवं, आडोसा हवा. रुग्णाकडून जबरदस्तीनं काम करून घ्यायचं नाही, आणि त्यानं केलं तर त्याचा मोबदला द्यायचा. त्याला हवे असतील तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, गणवेशाची सक्ती नाही. बायकांना मासिक पाळीसाठी लागणाऱ्या गोष्टी मिळाल्या पाहिजेत. तीन वर्षांखालचं मूल आईपासून शक्यतो तोडायचं नाही. साखळीनं बांधायचं नाही, कुठल्याही प्रकारे नाही. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके द्यायचे नाहीत.

आणि एक ओळ अशी, की सक्तीनं डोकं भादरायचं नाही. उवा होतात, धुवायला सोपं जातं, अशी कारणं देऊन इस्पितळांत हे सर्रास चालत असे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. आपल्या घरांमध्ये केशवपन झालेल्या पणज्या-खापरपणज्या होत्या. लाल आलवणातल्या त्या बायकांचे फोटोसुद्धा कुणी काढले नाहीत. डोक्यावरचे केस काढले की माणसाचं काय काढून घेतलं जातं, हे मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. त्यासाठी एवढ्यात, २०१७ साली, कायद्यात ओळ घालावी लागली.

पत्राचा हक्कही आता वाढला आहे. भेटायला आलेल्याला भेटायचं की नाही हे रुग्ण ठरवणार. फोन, ईमेल करता येणार. दवाखान्याला काही संपर्क रोखता येतात, पण न्यायाधीश, पुनर्विलोकन मंडळाचे सभासद, आमदार-खासदार, रुग्णानं नेमलेला प्रतिनिधी यांच्याशी होणारा संपर्क रोखता येत नाही. स्वतःचे उपचाराचे कागद मागता येतात, वकिलाची मदत फुकट मागता येते. शिवाय एक अगदी नवी गोष्ट आली आहे, ती आगाऊ निर्देशाची. कोणीही सज्ञान माणूस, आज ठणठणीत असताना, लिहून ठेवू शकतो की उद्या मला मनाचा आजार झालाच आणि मला निर्णय घेता येईनासा झाला, तर माझ्यावर असे उपचार करा, तसे करू नका, आणि माझ्या वतीनं अमुक माणूस बोलेल. तातडीच्या उपचाराला हा निर्देश लागू होत नाही. बाकी डॉक्टरांना तो पाळावा लागतो, पटत नसेल तर मंडळाकडे जावं लागतं.

आता दुसरी बाजू. जबाबदाऱ्यांबद्दल बोललं की पुष्कळ कार्यकर्ते अस्वस्थ होतात. त्यांना वाटतं ही मागल्या दारानं पुन्हा शिस्त आली. मला तसं वाटत नाही. स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णानं दवाखान्याचे नियम आणि सूचना पाळल्या पाहिजेत, असं हाच कायदा सांगतो. पण त्याला लागूनच दुसरं वाक्य आहे, की त्याच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय त्याच्यावर उपचार करायचे नाहीत. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत म्हणून पहिल्याला अर्थ आहे. १९३५ च्या माणसाकडे फक्त पहिलं होतं. आगाऊ निर्देशाचंही तसंच. तो लिहिण्याचा हक्क तुमचा, पण वेळ आल्यावर तो डॉक्टरांच्या हाती पडेल अशी व्यवस्था करणं ही लिहिणाऱ्याची आणि त्याच्या प्रतिनिधीची जबाबदारी. कपाटात कुलूप लावून ठेवलेला निर्देश कुणाच्या उपयोगाचा? औषधं वेळेवर घेणं, काय होतंय ते खरं सांगणं, वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाला त्रास न देणं आणि त्याची गोष्ट बाहेर न सांगणं, या गोष्टी कायद्यात लिहिल्या नसल्या तरी कुठल्याही चांगल्या वॉर्डात रुग्ण एकमेकांना शिकवतात. विचारलं गेलेला माणूसच जबाब देऊ शकतो, ते हे.

घरच्यांची जबाबदारी हा याहून अवघड भाग आहे, आणि इथं मी लष्करातल्या आपल्या घरांकडे बोट दाखवणार आहे. जुन्या वाड्यांत एक मागची खोली असे. ती कुणाची हे पाहुण्यांना विचारायची सोय नसे. "त्यांची तब्येत ठीक नसते" एवढ्यावर भागे. मुलींची लग्नं व्हायची असत, म्हणून ते नाव घराबाहेर जायचं नाही. काही घरांतून माणसाला मेहंदीपूरच्या बालाजीला नेत, काही घरांतून गाणगापूरला, आजही नेतात. मी देवाला जाण्याच्या विरुद्ध नाही. पण देवस्थानाच्या आधारानं माणसाला बांधून ठेवलं की काय होतं ते तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दिसलं. झोपडीवजा आश्रमाला आग लागली, आणि साखळ्यांत अडकलेली माणसं पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जण गेले.

आणि दुसरा प्रकार, नेऊन सोडण्याचा. दाखल करताना पत्ता चुकीचा द्यायचा, नाहीतर पुढं घर बदलायचं. माणूस बरा होतो, डॉक्टर सोडायला तयार असतात, पण न्यायला कुणी येत नाही. उत्तर प्रदेशातल्या इस्पितळांत अशी बरी झालेली माणसं पडून आहेत, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०१७ ला निकाल दिला आणि सगळ्या राज्यांना त्यांच्या पुनर्वसनाची व्यवस्था लावायला सांगितलं. नव्या कायद्याचं कलम १९ तर स्पष्टच आहे. घर नाही म्हणून, किंवा घरचे घेत नाहीत म्हणून, कुणालाही इस्पितळात ठेवून घ्यायचं नाही. घरच्यांनी टाकलेल्या माणसाला आपल्या राहत्या घरातला हक्क बजावायला सरकारनं वकिलापासून मदत करायची. वतनाच्या हक्कासाठी दिव्य करणाऱ्यांच्या वंशजांनी हे कलम एकदा वाचावं. वाड्यातली ती मागची खोली कायद्यानं त्या माणसाची आहे, आणि पुढची ओसरीसुद्धा. आज लष्करात वाडे पाडून फ्लॅट होताहेत, सह्या गोळा होताहेत. त्या सह्यांत एखादी सही नसेल तर ती का नाही, हे विचारायला कुणी जात नाही.

राहिली आपली, म्हणजे इतिहासाची आवड असलेल्या मंडळींची गोष्ट. आरोग्यशाळेवर काम करायचं म्हटल्यावर मंडळात पहिली सूचना आली ती जुनी रजिस्टरं मिळवून स्कॅन करून टाकण्याची. इतिहासाच्या दृष्टीनं त्यांची किंमत मी कमी लेखत नाही. कुठल्या गावची माणसं, कुठल्या जातीची, बायका किती, किती सुटले, किती तिथंच गेले, हे सगळं त्यातून निघेल आणि निघायला हवं. पण नावं छापायला माझा विरोध आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना द्यायची नाही, असं आजचा कायदा सांगतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या माणसाची संमती घ्यायला आपण कुठं जाणार? लष्करात आडनाव आणि गल्ली सांगितली की पुढच्या तीन पिढ्या कळतात. टोपणनाव घातलं तरी कळतात. "इतका जुना कागद, आता कुणाला काय वाटणार" असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. त्यांच्या मताचा आदर ठेवून मी एवढंच म्हटलं, की मागच्या खोलीतलं नाव तुमच्या घरचं असतं तर तुम्ही हा प्रश्न याच आवाजात विचारला असता का? बैठक त्यावर थोडी गप्प झाली. मग चहा आला.

शेवटी असं ठरलं, की आकडे घ्यायचे, गावं घ्यायची, आजारांची तेव्हाची नावं घ्यायची, आणि माणसाचं नाव व आडनाव नकलेच्या वेळीच गाळायचं. नंतर खोडायचं म्हटलं की ते कुठंतरी राहूनच जातं. कुणाच्या घरी आरोग्यशाळेतून आलेलं पत्र असेल, दाखल करतानाचा कागद असेल, तिथं नोकरी केलेल्या आजोबांची डायरी असेल, तर मंडळाला जरूर दाखवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहील. नक्कल तुमच्यासमोर, तुमच्याच घरी बसून करू, आणि कुठली ओळ झाकायची ते तुम्ही सांगायचं.